आपल्या कॅनॉलमधले डॉक्टर

हो, मीच. मीच तो, सेक्रेटरीसाहेब — आता बोलण्यावरून ओळखलंच आहे तर मास्क खाली घेतो. हे बघा, हेच तोंड, गेल्या परिषदेत तुमच्या शेजारी बसून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवणारं. नाही, उठू नका. उठू नका म्हणतो ना — इंजेक्शन दिलंय, खुर्ची आडवी केलीये, झटक्यात उठलात तर डोकं दिव्यावर आपटेल, एका हेडमास्तरांचं आपटलं होतं, ते अजून रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जातात. आणि बाहेर काउंटरवर ती बाई बसलीये, तिला वाटेल डॉक्टरांनी आणखी एक पेशंट पळवून लावला, तिचं माझ्याबद्दलचं मत आधीच फारसं बरं नाही. आ करा. मोठा. आणखी मोठा. हा रबराचा ठोकळा, मागच्या दातांत धरायचा, म्हणजे जबडा दमत नाही — हं, बसला. ही नळी थुंकी ओढून घेते. हा कापूस. झालं. आता तुम्हाला काही बोलता येणार नाही, आणि तेच बरं — म्हणजे तसं नव्हे, उपचाराच्या दृष्टीने बरं.

तर, मी डेंटिस्ट आहे. बाहेर एवढी मोठी पाटी आहे, पण ठणका लागलेला माणूस पाट्या वाचत नाही हे मला माहितीये. तुम्ही आजवर मला समजत होतात कालव्यांवरचा माणूस, कॅनॉलमधला, तुमच्या संघटनेतला ज्येष्ठ तज्ज्ञ — येत्या शनिवारी जो अध्यक्ष व्हायचाय, ज्याचा परिचय तुम्ही स्वतः व्यासपीठावरून करून देणार — आणि तो इथे पांढरा कोट घालून तुमच्या तोंडात आरसा घालतोय. धक्का बसणारच. मला नाही बसला? बाईने आत सांगितलं ते एवढंच, एक गृहस्थ आलेत, डावी खालची दाढ, रात्रभर झोप नाही. आत येऊन बघतो तर खुर्चीत तुम्ही, डोळे मिटून कण्हत. मी मास्क नाकावर ओढला, आवाज जाडा केला, गुपचूप इंजेक्शन दिलं, म्हटलं आता काम उरकायचं आणि यांनी डोळे नीट उघडायच्या आत पाठवून द्यायचं. आणि मग सवयीने बोलून गेलो, 'जरा गाळ दिसतोय.' गाळ! दातात कोण गाळ म्हणतो हो? तिथेच तुम्ही डोळे वटारलेत.

मशीनचा आवाज होईल, घाबरू नका. असं बघा, मी काही ठरवून तुमच्यात घुसलो नाही. त्या दिवशी त्या इमारतीत दोन परिषदा होत्या, खालच्या मजल्यावर आमची, दातवाल्यांची, आणि वरती तुमची. मी लिफ्टमधून एक मजला जास्त गेलो, दार उघडलं तर समोर पाटी — 'कॅनॉल रूट : ज्येष्ठ तज्ज्ञांची परिषद' — आणि बाण. आता तुम्हीच सांगा. नाही, सांगू नका, ठोकळा पडेल. जो माणूस तीस वर्षं रूट कॅनॉल करतोय त्याला कॅनॉल रूट दिसलं तर तो काय समजेल? मी म्हटलं, पाटीवाल्याने शब्द उलटसुलट लावले. आमचा रूट म्हणजे दाताचं मूळ, तुमचा रूट म्हणजे कालवा कुठून कुठे न्यायचा तो मार्ग — पण आपल्या अक्षरांत लिहिलं की दोन्ही रूट सारखेच दिसतात, त्यात माझी काय चूक? टेबलावरच्या मुलीने नाव विचारलं, मी सवयीप्रमाणे आधी डॉक्टर लावलं, तिने बिल्ला दिला, मी तो छातीवर लावला. डॉक्टर हा शब्द तुमच्याकडे पीएचडीवाल्यांना लावतात हे मला कुठे ठाऊक.

आणि आत जाऊन बसलो तर व्यासपीठावर आपले गाळसाहेब बोलत होते. नाव त्यांचं वेगळं आहे, पण सगळ्या दुखण्यांचं मूळ गाळ असं ते सांगतात, म्हणून आपण सगळे त्यांना गाळसाहेबच म्हणतो. ते म्हणाले, तडा बारीकच असतो, वरून दिसत नाही, पण आतून पोखरत जातं. लोक वरवर बुजवून मोकळे होतात, आणि दोन वर्षांनी सगळं उकरायची वेळ येते. सेक्रेटरीसाहेब, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं आमच्यात कोणी बोलत नाही. मग पडद्यावर आकडे आले — कॅनॉलची लांबी बेचाळीस किलोमीटर. दाताचा कॅनॉल असतो वीस-बावीस मिलिमीटर. मी शेजारच्या गृहस्थांना हळूच म्हटलं, छापताना चूक झालेली दिसते. ते म्हणाले, हो, खरं तर त्रेचाळीस आहे. मग कॅनॉलमध्ये उभी असलेली एक म्हैस आली. तेव्हा मला कळलं — म्हणजे लगेच नाही कळलं, आधी वाटलं, विनोद म्हणून घातली असेल, आमच्यातही असले विनोद करतात. दुसरी म्हैस आली तेव्हा कळलं.

काय झालं? दुखतंय? अजून दुखतंय? कमाल आहे, एवढं इंजेक्शन देऊन — आणि हा हात कशाला? गालावर काय थापट्या मारताय? बरं, बरं, कळलं. मला थोबाडीत मारायला हवी असं म्हणताय. हरकत नाही, तेवढा अधिकार आहे तुमचा, पण आत्ता नको, माझ्या हातात मशीन आहे. हात खाली. पोटावर ठेवा दोन्ही हात, तसे. दात मात्र दगडासारखा आहे हो तुमचा. बाहेरून एवढीशी कीड दिसत नाही. पण मी फसत नाही असल्या दिसण्याला, गाळसाहेब म्हणतातच ना, जिथे काही दिसत नाही तिथेच खरी भानगड असते.

तर कळल्यावर उठून का गेलो नाही? हाच तुमचा प्रश्न असणार. निघालोच होतो. दारापर्यंत गेलो होतो, पण तेवढ्यात चहा झाला. दारात चहाचं टेबल, त्यातून वाट काढायची कशी — आणि एका गृहस्थांनी माझ्या हातात कप दिला आणि विचारलं, तुमच्याकडे काय चाललंय? ते गृहस्थ तुम्हीच. आठवतं? तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरलो. मी म्हटलं, काय चालणार, एक जुनं काम आलंय, आधी कोणीतरी अर्धवट करून ठेवलेलं, तीनदा भरलं, तरी गळतंय. तुम्ही म्हणालात, माझंही अगदी हेच. मी म्हटलं, आधीच्या माणसाला शिव्या द्याव्याशा वाटतात. तुम्ही म्हणालात, माझ्या बाबतीत आधीचा माणूस मीच होतो. मी म्हटलं, माझ्याही. आणि आपण दोघं इतके हसलो की कप हिंदकळले. सेक्रेटरीसाहेब, मी तुमच्याशी एकदाही खोटं बोललेलो नाही, आठवून बघा हवं तर. किती वर्षं कॅनॉलमध्ये? तेव्हा पंचवीस. सरकारी की खासगी? खासगी. तुम्ही म्हणालात, बापरे, हिंमत आहे. डॉक्टरेट कशात? मी म्हटलं, म्हणजे कॅनॉलमध्येच म्हणा ना. फील्डवर जास्त की ऑफिसात? मी म्हटलं, सगळा दिवस वाकून काम, पाठ गेली. तुम्ही म्हणालात, आपल्या सगळ्यांचीच गेली. एक शब्द खोटा दाखवा त्यात.

आणि आमच्याकडच्या परिषदा कशा असतात सांगू? मी जात होतो की आधी, वर्षानुवर्षं. तिथे आपल्या वयाचे लोक भेटले की आधी एकमेकांचे बूट बघतात. माझा एक वर्गमित्र आहे, त्याचे तीन दवाखाने, तो माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत असतो, आणखी कोण मोठा माणूस आलाय का ते. मी एकदा मुद्दाम थोडा डावीकडे सरकलो, तर त्याची नजर उजव्या खांद्यावरून गेली. एकदा हिंमत करून विचारलं त्याला, अरे, माझा हात हल्ली बारीक कामाला जरा कापतो, तुझा कापतो का रे? तो म्हणाला, सध्या नवीन मशीन घेतलंय, बघायला ये. बस. हे उत्तर झालं का? आपल्या वयाला पोचलं ना की पंचाईतच होते — वर विचारायला कोणी उरलेलं नसतं, ते सगळे फोटोत जाऊन बसले. खालच्यांना विचारलं तर अब्रू जाते. मग उरतं कोण, तर शेजारचा. आणि शेजारचा जर मशीनच दाखवणार असेल, तर माणसाने विचारायचं कोणाला? आणि तुम्ही त्या पहिल्याच दिवशी चहा पिता पिता मला म्हणालात, डॉक्टर, मला हल्ली नकाशातल्या बारीक रेषा दिसत नाहीत, पण सांगणार कोणाला, चष्मा बदलला तरी दिसत नाहीत. इतक्या सहज म्हणालात. मी तिथेच ठरवलं, म्हशी असोत नाहीतर हत्ती असोत, परिषद हीच.

हलू नका, आता बारीक काम आहे. तुम्ही मघापासून काहीतरी म्हणताय, ऐकू येतंय मला, पण सगळे पेशंट असंच आं-ऊं करतात, त्यावरून आठवलं — नाही, हे सांगायचं नव्हतं मला. असो. सांगतोच. तीस वर्षं झाली, सेक्रेटरीसाहेब, दिवसभर मी माणसांशी बोलतो, आणि दिवसभर एकही माणूस मला उत्तर देत नाही. सगळे आ करून. मी पाऊसपाण्याचं बोलतो, आं. मी निवडणुकीचं बोलतो, ऊं. एकदा मी एका माणसाला माझ्या आईच्या आजारपणाचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि तोंड मोकळं झाल्यावर तो म्हणाला, किती झाले? घरी जाईपर्यंत माझ्यातलं बोलणं संपलेलं असतं, आणि बायको म्हणते, घुम्यासारखे बसता. वरच्या मजल्यावर त्या दिवशी मी एक वाक्य बोललो आणि समोरच्याने त्याचं वाक्य बोललं. मग मी, मग तो. मला आधी कळेचना मधल्या वेळात तोंडाचं काय करायचं. ही गंमत नाही, खरंच सांगतो. फार बरं वाटलं मला. पुढच्या वर्षी त्या तारखेची मी लग्नाच्या वाढदिवसासारखी वाट बघत होतो — लग्नाच्या वाढदिवसापेक्षा जास्त, पण हे बायकोला नका सांगू.

बायकोला तसं काहीच माहीत नाही. तिला वाटतं मी दातांच्या परिषदेला जातो. आणि तिथेच घोळ झाला. दातांच्या परिषदेतून मी वर्षानुवर्षं डोकं धरून यायचो, आणि आता येतो तो शीळ घालत. तुम्ही साइटवर कालवा बघायला नेता ना, तिथून परत आल्यावर बुटांना चिखल. शर्टाला गवत. ती म्हणाली, दातांच्या परिषदेत चिखल कुठून आला? मी म्हटलं, प्रात्यक्षिक होतं. ती म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय. आणि मी वेड्यासारखा खूश होऊन म्हणालो, अगदी बरोबर बोललीस, पाणी कुठे मुरतंय हेच तर शोधायचं असतं. त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला आता खात्री आहे की कोणीतरी बाई आहे. मेहुणीने तर मला सरळ विचारलं, ती पण डेंटिस्टच आहे का? काय सांगू मी? की ती नव्हे, ते आहेत, सहासष्ट वर्षांचे आहेत, त्यांना सगळे गाळसाहेब म्हणतात? मी साइटवर घालायचे गमबूट घेतलेत, गुडघ्यापर्यंतचे, ते इथे एक्सरेच्या मशीनमागे लपवून ठेवलेत. म्हणून तर एक्सरे काढत नाही हल्ली, मशीन सरकवलं की ते पडतात.

हं? एक्सरे म्हटल्यावर एवढं काय उडालात? पाय आपटू नका, खुर्ची जुनी आहे. लागत नाही एक्सरे, एवढा अनुभव कशाला आहे मग. वरचा थर गेला, आता आत शिरतोय. अजून सगळं ठणठणीत लागतंय, नवल आहे.

अध्यक्षपदाचं मात्र मी मागितलं नव्हतं हं. ते तुम्हीच सगळ्यांनी गळ्यात घातलंत, आणि तेही त्या चौथ्या कॅनॉलमुळे. गाळसाहेबांनी एका वर्षी उभं राहून कबूल केलं की त्यांच्या कालव्यात दोन दरवाज्यांच्या मधल्या तुकड्यात पाणी नाहीसं होतं, तीनदा अस्तर केलं, तरी नाहीसं होतं, आणि ते आता हरलेत. एवढा मोठा माणूस हरलो म्हणतो, सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — साहेब, माझा अनुभव असा, की तीनदा नीट भरूनसुद्धा गळत असेल, तर आपण मोजलेत त्याहून एक कॅनॉल जास्त असतो. जुना, बारीक, कोणाच्या लक्षात न आलेला. बहुतेक मागच्या अंगाला. तिथे शोधा. दाढेत तीन मोजले तरी चौथा असतो हो तसा, कितीदा तरी चुकतो तो आमच्या लोकांचा. मी बोलून खाली बसलो आणि बिल्ला हाताने झाकला. पुढच्या वर्षी गाळसाहेब आले ते सरळ माझ्याकडे, हॉलच्या त्या टोकापासून, आणि मला मिठी मारली. मागच्या अंगाला जुना बुजलेला चर सापडला म्हणे, कोणाच्या नकाशात नव्हता. तेव्हापासून मी 'आपल्या कॅनॉलमधले डॉक्टर.' तुम्हीच पाडलंत ते नाव. मला आयुष्यात कोणी आपल्यातला म्हटलं नव्हतं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा मला 'ते दुसऱ्या मजल्यावरचे' म्हणतात.

आणि परिचयाचं. तुम्ही दर आठवड्याला मेसेज करताय, डॉक्टर, परिचय पाठवा, कुठली धरणं, कुठले प्रकल्प, छापायला द्यायचंय. आणि मी दर आठवड्याला लिहितोय, पाठवतो. काय पाठवू? लिहायला बसलो तेव्हा एकच वाक्य जमलं, तीस वर्षं कॅनॉलमध्ये काम, हजारो कॅनॉल यशस्वीपणे पूर्ण. ते वाचून मलाच दरारा वाटला. हजारो कॅनॉल केलेला माणूस या भूतलावर दुसरा नसेल.

म्हणून विनंती अशी, सेक्रेटरीसाहेब. थांबा, मशीन बंद करतो, हे शांतपणे बोलायचंय. शनिवारी तेवढं एकच वाक्य वाचा आणि खाली बसा. खोटं नाहीये ते. मला अध्यक्षपद द्यायचं नसेल तर सोडतो, आत्ता सोडतो, हार घालायचा त्याला घाला — पण बिल्ला काढून घेऊ नका. मागे बसेन. चहाच्या वेळेला तेवढा येईन. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, की हा दातवाला आहे, तर ते काही मला हाकलून देणार नाहीत, चांगली माणसं आहेत, हसतील फार तर. पण मग दर चहाला एकेक जण आ करून उभा राहील माझ्यासमोर, डॉक्टर, जरा ही दाढ बघता का. मग मी गेलोच की हो तिथूनही.

काय? तुतला? तुतला म्हणजे — दुसरा? दुसरा बघू म्हणताय? दुसरा अध्यक्ष? कळलं. कोण दुसरा, गाळसाहेब? चांगले आहेत, पण सगळं भाषण गाळावरच करतील, तुम्हालाच सोसावं लागेल. नाही? मान का हलवताय? आता काय — दावा? दावा लावणार माझ्यावर? अहो, दाव्यापर्यंत कशाला जाताय, मी फसवलं असेन, पण फायदा काय घेतला, बिस्किटंच खाल्ली ना? दावा, दावा — ऐकलं मी, एकदा म्हटलंत तेवढं पुरे. बरं दिसतं का हे, इतक्या वर्षांची ओळख, एका कपातला चहा वाटून प्यायलोय आपण, चहाच्या मशीनमधलं दूध संपलं होतं तेव्हा, आणि तुम्ही मला कोर्टात उभं करणार. आणि खरं सांगू, हा ठोकळा एवढ्या लवकर लावायची गरजच नव्हती. जबडा दमायला लागला की लावतात हा. मी लावला, कारण तुम्ही बोलायला लागला असतात, आणि जे बोलला असतात ते मला ऐकवलं नसतं.

पण आता ऐकतो. हं, ठोकळा काढला. नळी काढली. कापूस — ओढू नका, मी काढतो. चूळ भरा, सावकाश. काय द्यायच्या त्या शिव्या एकदाच द्या, मी मध्ये बोलणार नाही.

डावा?

दावा नव्हे, डावा. बरं, डावा. डावा काय? डावा दात. मग डावाच केला की मी, डावी खालची दाढ, ही काय, ही — असं बघा, पाणी इथून ओठांतून आत शिरतं आणि तिकडे घशाकडे वाहत जातं. प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग डाव्या हाताला येतो तो डावा काठ. तुम्हीच नाही का शिकवलंत मला, पहिल्या साइटवर मी उलटा उभा होतो, तुम्ही दंडाला धरून फिरवलंत आणि म्हणालात, कॅनॉलमधला माणूस स्वतःची डावी-उजवी बघत नाही, पाण्याची बघतो. तर पाण्याकडे तोंड केलं की डावी ही, आणि ही म्हणजे तुमची —

अरे देवा.

म्हणजे मघापासून तुम्ही तो गाल — आणि तुतला म्हणजे दुसरा दात — आणि हा म्हणून दगडासारखा लागत होता. तीस वर्षांत नाही झालं हो असं. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळतं, डावा म्हणजे पेशंटचा डावा. जगातला एकही डेंटिस्ट असं —

हसू नका. इंजेक्शन आहे अजून, ओठ चावला जाईल. हसताय काय एवढे? डोळे पुसा आधी. काय म्हणालात? पुन्हा सांगा, नीट कळलं नाही.

शनिवारी कोणी विचारलंच, तर तुम्ही व्यासपीठावरून शपथेवर सांगणार, की 'मी स्वतः त्या खुर्चीत झोपून खात्री करून आलोय, हा माणूस डेंटिस्ट असूच शकत नाही'?

थांबा, मास्क वर घेतो जरा.

टेकवा डोकं. उघडलेली दाढ मी बुजवून देतो, आधी दुखणारी बघू. नाही, आ नका करू इतक्यात. आधी सांगा कुठे दुखतंय, कधीपासून, काय काय झालं, सगळं सांगा. मी गप्प बसतो.